शिडावरचा श्वास

मला बोट लागते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक म्हणतील, म्हातारीला या वयात समुद्राची हौस आली. हौस कसली डोंबलाची. बोटीने धक्का सोडला की माझ्या पोटात ढवळायला लागतं, आणि पुढचं बंदर येईपर्यंत मी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने बादली धरून बसते. तरीही सबंध हंगाम मी या शिडाच्या बोटीवर काढला. आमचे हे घरी राहिले. नळाला जोरात पाणी आलं तरी त्यांना धडकी भरते, तेव्हा त्यांना विचारण्यात अर्थच नव्हता.

बोटीवर आम्ही तिघं. सुकाणूवर कप्तान, माझ्या मुलाचा जुना मित्र. शब्द विकत आणावे लागतात अशा बेताने बोलणारा माणूस. दुसरी माझी सून, तिचं काम फिल्म कापण्याचं आणि जोडण्याचं. तिसरी मी. जन्मभर शिडं शिवत आले, त्यामुळे बोटीवर मी अगदीच खोगीरभरती होते असं कोणी म्हणू शकणार नाही.

आमचं काम असं. बंदर आलं की बोट धक्क्याला बांधायची. संध्याकाळी वारा पडला की मोठं पांढरं शीड चढवायचं, धक्क्यावर प्रोजेक्टर मांडायचा आणि त्या शिडावर फिल्म दाखवायची. समोर मासेमार, त्यांच्या बायका, पोरंटोरं. कोणी उलट्या टोपल्यांवर बसलेलं, कोणी दोरखंडाच्या वेटोळ्यावर. फिल्म समुद्रातल्या जनावरांची. देवमासे, डॉल्फिन, कासवं. शिडाला मी लावलेलं एक ठिगळ आहे, ते नेमकं देवमाशाच्या पाठीवर येतं. प्रत्येक बंदरात एखादं पोर विचारतंच, देवमाशाला काय लागलं म्हणून. मी सांगते, पडला बाबा, ऐकत नाही कोणाचं.

फिल्म सुरू व्हायच्या आधी सून दोन शब्द बोलते. कासव म्हणजे मासा नाही, त्याला श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं, जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं. म्हणून जाळ्याला एक दार शिवा. मासे आत राहतील, कासव बाहेर पडेल. ती हे सगळं फार गोड बोलते, आणि लोक फार गोड मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच जाळी घेऊन समुद्रावर जातात. पालथ्या घड्यावर पाणी. मी तिला म्हणायचे, जरा आवाज चढव की गं. ती म्हणायची, आई, तो तुमचा प्रांत.

फिल्म माझ्या मुलाने काढलेली. लहानपणापासून तो पाण्यातच, त्यामुळे सगळे त्याला पाणमांजर म्हणायचे. पण समुद्राने त्याला काही केलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना लगेच तसं वाटतं. साधा ताप आला, छातीत उतरला, आणि चांगला धडधाकट मुलगा दवाखान्यात गेला तो परत आला नाही. त्याला आता दोन वर्षं झाली. त्याने पाण्याखाली काढून ठेवलेलं सगळं सुनेने मागाहून जोडलं आणि त्याची फिल्म केली. शिडावर दाखवायची कल्पनाही त्याचीच होती. ती त्याच्यामागे आम्ही पुरी केली.

फिल्ममध्ये तो दिसत नाही. कॅमेरा धरणारा दिसणार कसा? पण शेवटाकडे एक प्रसंग आहे. तुटून वाहत आलेल्या जाळ्यात एक मोठं कासव अडकलंय, सुटायला धडपडतंय. माझा मुलगा एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हातातल्या सुरीने जाळं कापतो. तेव्हा त्याचा हात दिसतो, आणि त्याचा श्वास ऐकू येतो. तोंडातल्या नळीतून आत ओढलेला, मग बुडबुड्यांबरोबर बाहेर सोडलेला. आधी संथ, मग जोर लागतो तसा भरभर. एखादा दोर तुटायच्या बेतात आला की मध्येच थांबतो. सुईत दोरा ओवून दे म्हटलं की लहानपणी असाच थांबायचा.

त्या श्वासासाठी मी हंगामभर बोटीवर राहिले. स्वयंपाकाला हात, शिडाची डागडुजी, ही सगळी सांगायची कारणं. मला रोज संध्याकाळी माझा मुलगा श्वास घेताना ऐकायचा होता, बस. मी डोलकाठीजवळच्या स्पीकरला खेटून बसायची.

पहिल्या बंदरात तो आवाज आला तेव्हा मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा मी शेजारी उभ्या असलेल्या सुनेचा हात असा धरला की तिच्या बांगड्या रुतल्या असतील. म्हटलं, "पोरी, हा माझ्यासाठी ठेवलास ना गं? तुझे उपकार मी कसे फेडू?" तिने नुसती मान हलवली. अंधार होता, तिचा चेहरा मला दिसला नाही.

पण पुढच्या बंदरापासून एक गोष्ट माझ्या नजरेत यायला लागली. कासवाचा प्रसंग जवळ आला की सून उठायची आणि खाली जायची. तिथे बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसायचा हातपंप आहे. खालून खडखड, खडखड सुरू. प्रसंग संपला की वर हजर.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या माहेरचेही सांगतील. नवरा शिडावर श्वास घेतोय आणि हिला पंप सुचतोय, म्हणजे काय? मी टोमणे मारायला कमी केलं नाही. "आज किती पाणी निघालं गं?" म्हणायची. "बोट बुडते की काय रोज याच वेळेला?" ती म्हणायची, "उपसलेलं बरं असतं, आई." आणि भांडी घासायला घ्यायची. कप्तान दोर गुंडाळत खाली बघायचा. मनात म्हणायची, बाई तरणी आहे, विसरायला लागली. विसरू दे. माझं मूल होतं, मी कशी विसरू? असं सगळं मनात चालायचं आणि मी तिच्याशी तुटक वागायची.

मग एका बंदरात फिल्म चालू असताना शिडाची कडेची शिवण उसवली. वारा उगाच उठला होता. आणखी उसवली असती तर शीड उभं फाटलं असतं, म्हणून मी दाभण आणि मेणाचा दोरा आणायला खाली उतरले. वर कासव जाळ्यात धडपडत होतं. खाली सून पंप मारत होती.

मी कंदील उचलून बोटीच्या तळात बघितलं. लाकूड ठणठणीत कोरडं. पंप नुसती हवा ओढत होता आणि खडखडत होता. सुनेने मला पाहिलं, पण तिचा हात थांबला नाही. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ मिटलेले, आणि दांडा खाली-वर, खाली-वर.

"काय उपसतेस?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग थांब की."

"आवाज संपला की थांबते."

मग मी तिचा हात धरला. पंप थांबला. फळ्यांमधून वरचा आवाज खाली आला, तो श्वास, आत आणि बाहेर. आणि माझ्या सुनेने दोन्ही हातांनी कान दाबून घेतले आणि जिथे होती तिथे खाली बसली.

नंतर ती बोलली ते सगळं मला तसंच्या तसं सांगता येणार नाही. पण मुद्दा असा. दवाखान्यात रात्री एकालाच राहू द्यायचे. दिवसा मी असायची, रात्री ती. दिवसा तो झोपलेला असायचा. रात्री त्याच्या तोंडाला ऑक्सिजनची नळी लावलेली असायची, आणि तो श्वास घ्यायचा तो असाच, फुसफुसत, आत ओढलेला, बाहेर सोडलेला, आधी संथ आणि मग भरभर. शेवटच्या रात्री तो मध्येच थांबला. ती वाट बघत राहिली.

"तुम्हाला तो पोहताना ऐकू येतो, आई," ती म्हणाली. "मला तो जाताना ऐकू येतो."

"मग ठेवलास कशाला गं फिल्ममध्ये?"

"मी ठेवला नव्हता." तिने पदराने तोंड पुसलं. "मी सगळी फिल्म आवाज बंद करून जोडली. ऐकवतच नव्हतं मला. नुसती चित्रं बघून कापली. आवाज चित्राबरोबर तसाच राहून गेला, हे मला कळलंच नाही. पहिल्या बंदरात कळलं. दुसऱ्या दिवशी काढणारच होते. पण तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, माझ्यासाठी ठेवलास."

मला वाईट वाटलं की आधी राग येतो, ही माझी जित्याची खोड. आधी तिचा राग आला, मग दवाखान्याचा, मग त्या रात्रीच्या नियमाचा. आणि सगळे राग संपल्यावर जे उरलं ते माझंच होतं. ही पोर हंगामभर माझ्यासाठी रोज संध्याकाळी तो श्वास सहन करत होती, आणि मी तिला पाणी किती निघालं म्हणून विचारत होते. वर शिवण उसवत होती तरी मी तिच्याजवळ बसून राहिले. शीड काय, पुन्हा शिवता येतं.

सकाळी मी शीड मांडीवर घेऊन शिवायला बसले. कप्तान दोर बघत होता, सून चहा घेऊन आली.

"तो आवाज आजपासून बंद," मी म्हटलं. "कप्तान, ऐकतोस ना? जाळं आलं की बटण फिरवायचं."

"नाही," सून म्हणाली. "तो तुमचा आहे."

"माझ्या कानात आहे तो. मला काही फिल्म लागत नाही." हे साफ खोटं होतं. मला तो आठवून ऐकू येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

"मग मी तुम्हाला तेवढा भाग वेगळा देते. खाली बसून कानाला लावून ऐका."

आता हे मला तिला कसं समजवावं ते कळेना. मला तो एकटीने ऐकायचा नव्हता. धक्क्यावर, चार माणसांत, शिडावर तो ऐकला की मुलगा कामावर गेलाय असं वाटायचं. खोलीत कोंडून घेऊन कानाला लावला असता तर मलाही तो दवाखान्यातलाच वाटला असता. हे मी तिला सांगितलं.

"मग राहू दे, आई. मी करते सहन."

"तू करशील गं. मला नाही व्हायचं. वर बसून तुझा पंप ऐकू येतो मला."

कप्तान दोराकडे बघतच म्हणाला, "पंपाचं रबर तीनदा बदललं मी. कोरडा चालवला की जळतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"रबर बदलत होतो ना, काकू."

एवढं बोलून तो नांगराकडे निघून गेला. असा माणूस. पोटात ठेवायचं म्हटलं तर समुद्रही याच्यापुढे उथळ.

त्या संध्याकाळी आम्ही हंगामातल्या शेवटच्या बंदरात पोचलो. मोठं बंदर, आणि तिथला एक जाळीवाला सगळ्यात मोठा. त्याच्या बोटी जास्त, त्याची जाळी लांब, आणि तो हसला की बाकीचे हसायचे. सून बोलायला उभी राहिली, कासव बुडतं म्हणाली, तोच हा म्हणाला, "बाई, समुद्रातलं जनावर पाण्यात बुडेल कसं? उद्या म्हणाल मासे बुडतात." धक्काभर हशा. सूनही कसनुसं हसली आणि येऊन शिडामागे उभी राहिली. आज तिला खाली जायचं कारण नव्हतं.

फिल्म लागली. देवमाशाला काय झालं ते एका मुलीने विचारलं, मी सांगितलं. डॉल्फिन झाले. मग जाळं आलं आणि कप्तानने बटण फिरवलं.

शांतता. शिडावर माझ्या मुलाचा हात आला, सुरी आली, जाळं आलं, आणि आवाज नाही. मी स्पीकरला खेटून बसले होते, सवयीने. लाकडाच्या ओंडक्याला खेटून बसल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला सुनेचाही राग आला, स्वतःचाही आला. परत चालू कर असं कप्तानला ओरडून सांगणारच होते.

आणि लोकांना काय, आवाज गेला म्हणजे फिल्म बिघडली. लागले बोलायला. कोणी उठून अंग झाडतोय, कोणी उद्याच्या बर्फाचं विचारतोय, तो जाळीवाला कोणाला तरी टाळी देऊन मोठ्याने हसतोय. माझा मुलगा तिथे हाताची सालटी निघेपर्यंत जाळं कापतोय, आणि यांचा बाजार चाललाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि शिडापुढे जाऊन उभी राहिले. अर्धं कासव माझ्या साडीवर आलं.

"तोंडं मिटा," मी म्हटलं. "नाकं धरा. तुम्हीसुद्धा, हसणारे. हे कासव जाळ्यात आहे तोवर कोणी श्वास घ्यायचा नाही. समुद्रातलं जनावर बुडत नाही ना? मग तुम्ही तर जमिनीवर बसला आहात. धरा नाकं."

मला वाटलं हसतील. पण शिवणकामाच्या दुकानात चाळीस वर्षं गिऱ्हाइकं हाताळलेला आवाज आहे माझा. आधी पोरांनी नाकं धरली, मग बायकांनी. जाळीवाल्याने आजूबाजूला बघितलं, सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानेही छाती फुगवून नाक धरलं. मी बाजूला झाले आणि माझंही धरलं.

शिडावर सुरी चालत होती. एक दोर तुटला. कासव गरगर फिरलं आणि आणखी गुरफटलं. थोड्याच वेळात पोरं फुसकन सुटायला लागली, मग बायका, मग एकेक दांडगा गडी. माझा तर केव्हाच सुटला होता, पण कबूल कोण करतो, मी नाक धरून बसले. जाळीवाल्याचा चेहरा लाल, मग त्याहून लाल. पायाने जमीन घासत होता. शेवटी त्यालाही राहवलं नाही. धाप टाकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. वर बघितलं तर कासव अजून जाळ्यातच.

नाकं सोडली तरी कोणी बोललं नाही. सगळे त्या हाताकडे बघत होते. आणखी एक दोर, आणखी एक. एका बाईने हळूच म्हटलं, "काप रे बाबा, लवकर काप." माझ्या मुलाला म्हणाली ती. जाळं सुटलं, कासव क्षणभर तसंच लटकलं, मग पाय मारत वर गेलं, वर, उजेडाकडे, आणि पाण्याबाहेर तोंड काढून त्याने श्वास घेतला. धक्क्यावरच्या सगळ्यांनी त्याच्याबरोबर घेतला. मी ऐकला तो.

लोक पांगले तरी जाळीवाला रेंगाळत होता. मग आला. "ते दार म्हणता ते शिवायचं कसं?" म्हणाला. "एका जाळ्याला लावून बघतो. मासे गेले तर उसवून टाकीन, आधीच सांगतो." मी म्हटलं, सकाळी जाळं घेऊन या, आणि शिवलेलं उसवायच्या गोष्टी माझ्यापुढे करू नका.

तो गेला. प्रोजेक्टर बंद झाला होता, शीड तेवढं उतरवायचं राहिलं होतं. सून त्याच्यामागून पुढे आली होती आणि धक्क्यावर, लोक बसले होते तिथे, एका टोपलीवर बसून रिकाम्या शिडाकडे बघत होती. तिचे गाल ओले होते, पण ती कान दाबून बसली नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आई," ती म्हणाली, "किती छान पोहायचा हो तो."

दोन वर्षांत ती त्याच्याबद्दल जे काही बोलली असेल, त्यातलं हे पहिलं वाक्य, ज्यात दवाखाना नव्हता. त्या वेळी मी नुसतं "हो गं" म्हटलं आणि तिचा हात धरून बसून राहिले.